नको इतका शांत ट्रक

उस्तादांचा ट्रक त्यांच्या लग्नाहून जुना, तरी बायको त्यात कधी बसली नव्हती. "त्या धडधडाटानं माझे कान फुटतील," म्हणायची. लेकीचं नवं घर हायवेनं पाच तासांवर होतं. तिथं बायकोला ट्रकनंच न्यायचं, असा उस्तादांचा हट्ट. तीन महिने खपून त्यांनी पॉवर स्टिअरिंग, नवे ब्रेक आणि नवा गिअरबॉक्स बसवला. केबिनला आतून जाड अस्तरही लावलं.

हायवेवर केबिन अगदी शांत होती, पण ट्रक तिसऱ्या गिअरच्या पुढे जाईना. गवताचा टेम्पोसुद्धा पुढे निघून गेला.

"अहो, चालत निघालो असतो तर एव्हाना पोचलो असतो!"

"इंजिन ऐकूच येत नाही गं. गिअर कधी बदलू?" उस्ताद कसनुसं हसले. चाळीस वर्षं ते आवाजावरच गिअर टाकत आले होते. "परत फिरतो. तू बसनं जा."

"मोठे आले बसनं पाठवणारे!"

तिनं स्वतःच काच खाली केली. धडधडाट आत घुसला. उस्तादांनी चौथा टाकला, मग पाचवा. ती दोन्ही कानांत बोटं घालून बसली आणि लेकीच्या दारापर्यंत ओरडून ओरडून बोलत राहिली.