ताईच्या डोळ्यांची उंची

मिलीमीटर हे काही या माणसाचं खरं नाव नव्हे. पण घरांचे नकाशे काढण्यात ज्याची सव्वीस वर्षं गेली आणि वाढदिवसाचा केक कापायलाही जो खिशातून टेप काढतो, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? त्या दिवशी मात्र मिलीमीटरच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. चार वाजता ताई येणार होती.

ताई म्हणजे थोरली बहीण. वर्षापूर्वी जिन्यावरून पडली आणि व्हीलचेअरला खिळली. तिनं वृद्धाश्रमात जागाही सांगून ठेवली होती. "तुझ्याकडे येईन, पण आधी घर दाखव. मग ठरवते," एवढंच ती भावाला म्हणाली. तळमजल्याच्या दोन खोल्या तिच्यासाठी बदलायच्या होत्या, उद्या सकाळी गवंडी येणार होता, आणि ते घर आज कॉम्प्युटरवर फिरून दाखवायचं तर कॉम्प्युटरनं मुहूर्त साधून मान टाकलेली.

माउस जरा हलवला की स्क्रीन गोठायची. सकाळी त्यानं मेमरी वाढवून घेतली. बायकोच्या पावडरच्या ब्रशनं पंख्यातली धूळ काढली, वर बोलणी खाल्ली ती वेगळीच. बाकीचे प्रोग्राम बंद केले. तरी दारातून ओट्यापर्यंत जायला त्या घराला चार मिनिटं लागत होती. तो उठे, खिडकीशी जाई, घड्याळ बघे, पुन्हा येऊन बसे.

"अहो, जरा एका जागी बसा," बायको म्हणाली आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. "एवढं भरलंय तरी काय त्यात?"

ताईची दोनशे बारा पुस्तकं, प्रत्येकाच्या पाठीवर नाव. चुणीन् चुणी रेखाटलेले पडदे. कुंडीत नऊ हजार पानं.

"कॉम्प्युटर बिचारा काय करेल? तुम्ही अख्खा संसार कोंबलाय त्याच्यात."

खरंच होतं ते. मिलीमीटरनं मन घट्ट करून पुस्तकं काढली, कुंडी काढली, पडदे काढले. सावल्या बंद केल्या, फरशीची चकाकी घालवली. साडेतीनला ते उघडंबोडकं घर एकदाचं सरसर चालायला लागलं. खात्री पटेना म्हणून तो त्यात अकरा वेळा फिरून आला.

ताई आली. माउस तिनं स्वतःच्याच हातात घेतला. आणि याची टकळी सुरू झाली. दार नऊशे मिलीमीटर, खुर्ची वळायला दीड मीटर जागा, उंबरा नाही.

"चालतंय छान," शेवटी ताई म्हणाली. "पण हे सगळं कुणाच्या डोळ्यांनी दिसतंय रे?"

"तुझ्याच की."

"मला ओट्यावरचं सगळं दिसतंय. खिडकीतून बाहेरचा रस्ता दिसतोय. मी आता एवढी उंच नाही राहिले."

मिलीमीटरच्या तोंडचं पाणीच पळालं. बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची त्या प्रोग्राममध्ये लिहावी लागते. त्यानं लिहिली होती पंधराशे वीस. सव्वीस वर्षांत हा एकच आकडा त्यानं टेप न लावता टाकला होता. त्याच्या मनातली ताई अजून उभीच होती.

त्यानं खिशातून टेप काढला आणि तिच्या खुर्चीपाशी गुडघे टेकले. फरशीपासून डोळ्यांपर्यंत माप घेताना त्याला रडू आवरेना. ताईनं टेपचं वरचं टोक आपल्या हातात धरलं. अकराशे चाळीस.

आकडा बदलला आणि घर खाली बसलं. ओट्याची नुसती कड दिसायला लागली. खिडकीत नुसतं आभाळ उरलं.

"खिडकी खाली आणतो," तो कसंबसं म्हणाला. "ओटाही."

"आण. आणि गवंडी आला की मला बोलावून घे," ताई म्हणाली. "माझ्या खिडकीची खूण भिंतीवर मी स्वतः करणार आहे."