हायवेवरचं येसर

आमच्या गल्लीत येसर म्हटलं की गंगासागर काकूंचंच. गेवराईत त्यांच्या नवऱ्याचं, विश्वेश्वर अप्पांचं, किराणा दुकान आहे आणि दुकानामागं एक छोटी गिरणी. सकाळची लिंगपूजा आटोपली की काकू मागच्या पत्र्याखाली चूल पेटवायच्या. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ एकेक वेगळं भाजायचं, धने, खोबरं, दगडफूल, मिरची त्यात मिसळायची आणि दळायचं. लग्नाच्या पंगतीत लोक आमटी पुन्हा पुन्हा मागून घेतात ती या पिठामुळं. मी लहानपणापासून त्यांच्याकडून येसर आणत आलोय, आणि आईनं शिकवल्याप्रमाणं दर वेळी दहा रुपये कमी करायला लावत आलोय.

अठरा वर्षं हेच चाललं. किलोला दोनशे ऐंशी म्हटलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "काकू, त्याच्यापरीस कंपनीचा मसाला परवडला." काकू भाव उतरवायच्या आणि वर चिमूटभर जास्तच टाकायच्या. गावातलं माणूस गावातल्या वस्तूला जास्त पैसे देत नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं. कुणालाच मिळत नाहीत म्हटल्यावर वाईट कशाचं वाटायचं.

मग योगितानं हायवेला टेबल मांडलं.

योगिता धनगराची. तिचा नवरा रामेश्वर वर्षातले आठ महिने मेंढरांमागं असतो. दोन वर्षं ती काकूंकडं मिरच्यांची देठं काढायला येत होती. भाजताना शेजारी बसायची, विचारायची, आणि काकूही सांगायच्या. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं. दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. थोड्या दिवसांनी अप्पाच बातमी घेऊन आले. सिदूच्या चहाच्या हॉटेलाशेजारी योगिता येसरची पाकिटं विकतेय. पाव किलोचं पाकीट, एकशे ऐंशी रुपये.

"म्हंजे किलोला सातशे वीस?" काकू म्हणाल्या. "कोण घेतंय?"

"घ्यायलेत की. तुळजापूरच्या गाड्या थांबायल्यात."

काकू हसल्या. पण त्या दिवशी त्यांनी डाळ करपवली, जे मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाते म्हणून निघाल्या आणि सिदूच्या हॉटेलात कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसल्या. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगतानाही राग पुरता उतरलेला नव्हता. योगितानं शेगडीवर आमटीचं पातेलं ठेवलं होतं. कुणी थांबलं की कागदी कपात घोटभर द्यायची. ज्वारी आमच्याच रानातली, मिरची अमक्या गावची, काल भाजलं, आज दळलं, असं सांगायची. एका गाडीतून चौघं उतरली आणि सहा पाकिटं घेऊन गेली. कमी करा म्हणून कुणी शब्द काढला नाही.

"माझंच येसर बघ," काकू मला म्हणाल्या. "माझ्या चुलीवर शिकली. मला दहा रुपये सोडत न्हाईत लोक, आन् तिला सातशे वीस मोजून वर आभार मानायलेत. कावून? तिच्या हाताला सोनं लागलंय?"

दहा रुपये न सोडणाऱ्यांत मीही होतो.

त्यांनी तिचं एक पाकीट दुसऱ्याकरवी मागवलं. घरी आमटी केली. खवट निघावं, खडे निघावेत, निदान मीठ चुकावं, अशी त्यांची फार इच्छा होती. अप्पा दोन वाट्या प्याले आणि म्हणाले, "आज चांगली झाली." त्या रात्री काकू जेवल्या नाहीत.

आठ दिवसांत त्यांनी छापखान्यातून लेबलं करून आणली. 'अस्सल गेवराई येसर'. पाव किलोला नव्वद रुपये. योगितापेक्षा निम्म्यानं स्वस्त दिलं तर तिच्याकडं कोण जाईल, असा साधा हिशेब. अप्पा म्हणाले, "दुकानात इकायलीस ना, मग उन्हात कशाला?" हॉटेलाच्या दुसऱ्या अंगाला काकूंनी टेबल लावलं, योगितापासून पंधरा पावलांवर.

योगिता लगेच उठून आली. "काकू, तुमी? सावलीत या की इकडं."

"हितंच बरंय," काकू म्हणाल्या.

पहिल्या दिवशी तीन पाकिटं गेली. दुसऱ्या दिवशी एक. लोक येत, नव्वद वाचत, पाकीट उलटंपालटं करत, आणि पंधरा पावलं चालून एकशे ऐंशीचं घेत. काकूंना वाटलं, हिनं लोकांवर काहीतरी केलंय. त्या दिवसभर योगिताकडं बघत नव्हत्या, म्हणजे दिवसभर तिच्याकडंच लक्ष होतं. तिच्या टेबलावरची पाकिटं किती उरली, हे त्यांना तिच्याआधी कळायचं.

चौथ्या दिवशी संभाजीनगरची एक बाई आली. नोकरी करणारी असावी. तिनं काकूंचं पाकीट हातात घेतलं आणि सरळ विचारलं, "मावशी, हे एवढं स्वस्त कसं काय? त्या तिकडं एकशे ऐंशी म्हणतात. यात भेसळ वगैरे नाही ना?"

अठरा वर्षांत काकूंना महाग म्हणणारी माणसं पुष्कळ भेटली होती. स्वस्त आहे म्हणून संशय घेणारी ही पहिलीच. तोंड उघडलं तर रडू येईल असं वाटलं, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

योगितानं ते ऐकलं. हातातला कप ठेवून ती आली. "ताई, डोळे झाकून घ्या. मला येसर यांनीच शिकिवलं. माझ्यापेक्षा यांचा हात चांगला हाय."

बाईनं चार पाकिटं घेतली. तिच्या मागच्या दोघांनीही घेतली. संध्याकाळपर्यंत काकूंचं टेबल रिकामं झालं. योगिता येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होती.

काकू घरी आल्या त्या तापलेल्या. "तिनं माझी हमी घ्यावी?" त्या अप्पांना म्हणाल्या. "तिनं? मी मागितली हुती का?"

"माल खपला ना पण," अप्पा म्हणाले.

"खपला न्हाई. तिनं खपविला."

दुसऱ्या दिवसापासून त्या हायवेला गेल्या नाहीत. ऊन सोसत नाही, एवढंच सांगितलं. पण एक झालं. दुकानात सुट्ट्या येसरचा भाव त्यांनी थेट चारशे ऐंशी केला आणि कमी करायचं बंद केलं. गल्लीत कुरकुर सुरू झाली. वत्सलाबाई, काकूंचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, तोंडावर म्हणाल्या, "गंगासागर, हायवेवालीचं बघून वाढवलास व्हय भाव?"

"हो," काकू म्हणाल्या. "तिचं बघूनच."

वत्सलाबाई नेहमी किलो न्यायच्या, त्या दिवशी पाव किलो नेलं. निम्मी गिऱ्हाइकं कमी झाली. राहिली ती मात्र घासाघीस न करता नेऊ लागली. माझ्या आईनं महिनाभर कंपनीचा मसाला वापरून पाहिला आणि मग मलाच पिशवी घेऊन पाठवलं. चारशे ऐंशी म्हणताना काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं की दहा रुपये कमी करा म्हणायची मला हिंमतच झाली नाही.

उन्हाळ्याच्या अखेरीस एका पेपरात योगिताचा फोटो आला. महिलांच्या कुठल्याशा प्रदर्शनात तिच्या येसरला मागणी आली होती. पेपर दुकानात आला तेव्हा मी तिथं होतो. काकूंनी चष्मा लावून बातमी एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. त्या आपलं नाव शोधत होत्या. नाव होतंही. 'गेवराईतील गंगाबाई या वृद्ध महिलेकडून आपण ही कला शिकलो, असे त्या म्हणाल्या.'

"वृद्ध?" काकू म्हणाल्या. त्यांना अठ्ठेचाळिसावं चालू होतं. "आन् गंगाबाई कोण?"

अप्पा पोत्यामागं तोंड लपवून हसत होते. काकूंनी पेपराची घडी घातली, पायात चप्पल सरकवली आणि त्या भर उन्हात हायवेला गेल्या. भांडण होणार म्हणून मी मागोमाग गेलो.

योगितानं त्यांना लांबूनच पाहिलं आणि उभी राहिली. काकूंनी पेपर टेबलावर ठेवला. "मी म्हातारी हाय?"

"मी तसं न्हाई म्हणले, काकू. त्यो पोरगाच फोनवर ऐकून लिहीत हुता. मी गंगासागर काकू म्हणले हुते, शपथ घेते."

"नाव तरी नीट सांगायचं."

"पुढच्या टायमाला लिहून देते."

पुढचा टाइम येणार याची तिला खात्री होती, ते काकूंना लागलंच. त्या वळून निघणार तेवढ्यात सिदूनं तीन चहा आणून ठेवले, म्हणून त्या बाकावर टेकल्या. समोर एक गाडी थांबली. नवरा-बायको उतरले, आमटी चाखली, पाच पाकिटं घेतली. काकूंनी ती मनात मोजली, हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं.

"डाळ जरा जास्त भाजलीस आज," गाडी गेल्यावर त्या म्हणाल्या. "वास येतोय."

योगितानं पाकीट फोडून हुंगलं. "खरंच की."

काकूंच्या तोंडावर कितीतरी महिन्यांनी समाधान दिसलं. ते फार टिकलं नाही, कारण तेवढ्यात दुसरी गाडी थांबली आणि त्यातली बाई पाकिटाचा भाव न विचारताच पर्स उघडत योगिताकडं गेली. काकू चहा फुंकत तिकडं बघत राहिल्या. चहा कधीच निवला होता.