धरून ठेवलेला नंबर

“ज्यानं टॅग लावला, त्यानंच काढायचा.”

हे वाक्य म्हणताना काका उजव्या हाताचं बोट वर करायचे, आणि समोरचा ‘बरं’ म्हणेपर्यंत ते बोट खाली यायचं नाही. परळीत असं बोट वर करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. थर्मलमध्ये, म्हणजे इथल्या वीज केंद्रात, उभी नोकरी काढलेली माणसं. तिथं एखादं यंत्र दुरुस्तीला काढलं की त्याच्या बटणावर लाल टॅग अडकवतात. ‘काम चालू आहे, हात लावू नये’ आणि खाली लावणाऱ्याची सही. मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा साहेब, सही करणारा स्वतः येऊन टॅग काढत नाही तोवर त्या बटणाला कुणी शिवत नाही. का, तर आत कुणाचा तरी हात असू शकतो. नियम चांगलाच आहे. पण काकांनी तो रिटायर होताना घरी आणला, आणि त्याचा ताप मला झाला.

माझं स्टेशन रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काका माझे नात्यातले नाहीत, गिऱ्हाईकच. त्यांचा पहिला फोन आला तेव्हा ते म्हणाले, “गेमचं मशीन बिघडलंय. मला एक नंबर करायलंय.” मी म्हटलं, साठी उलटलेल्या माणसाला एक नंबर केलं तर बिघडलं कुठं? तिकडून आवाज आला, “दात कशाला काढायला बे? येऊन बघ.”

गेलो. घर थर्मलच्या वाटेवर, दोन खोल्यांचं. खिडकीच्या कट्ट्यावर राखेचा थर, तो आमच्याकडे असतोच. पण कोपऱ्यातलं ते मशीन मात्र जुन्या नऊवारीनं झाकलेलं. साडी काकूंची. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. साडी बाजूला केली तर प्लायवूडचं उभं कपाट, त्याच्या पोटात जुना कॉम्प्युटर, वर टीव्ही आणि खाली फळीवर दोन रिमोट. गेमच्या रिमोटला कंट्रोलर म्हणतात हे मी काकांना एकदाच सांगितलं. “कंट्रोल रूममधे आमी नोकरी केली, आन् तू आमाला कंट्रोलर शिकव,” असं ऐकून घेतल्यापासून मीही रिमोटच म्हणतो.

मशीन बापलेकांनी मिळून बनवलं होतं. काकांचा एकुलता एक पोरगा शाळा बुडवून स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात जाऊन बसायचा. काका एकदा त्याला कान धरून आणायला गेले आणि तिथं स्वतःच खेळत बसले. “शेवटी त्योच म्हणला, बाबा चला, भूक लागली,” हे सांगताना काका इतके हसायचे की त्यांना खोकला यायचा. मग दोघांनी घरीच मशीन करायचं ठरवलं. पोरगा एक नंबर, बाप दोन नंबर. गेम एकच, रस्त्यानं चालत जायचं आणि आडवे येणारे गुंड बडवायचे. सगळे आडवे झाल्याशिवाय पडदा पुढं सरकत नाही. “त्यो म्होरचे मारायचा, मी राहिलेले,” काका सांगायचे. “मला काय लई येत न्हवतं. पण राहिलेले मारायला बी कुणीतरी लागतंच की.”

पोरगा पुण्याला शिकायला गेला. जाताना त्यानं आपल्या रिमोटची वायर काढून गुंडाळली, आणि बापाच्याच पेटीतला एक कोरा टॅग त्यावर अडकवला. काम चालू आहे, हात लावू नये. खाली ऐटीत सही ठोकली. पोराची गंमत, दुसरं काय. पुण्याहून तो कॅनडाला गेला. टॅग तिथंच राहिला.

आता बिघाड कसला ते सांगतो. कॉम्प्युटरला एकच रिमोट जोडलेला दिसला की तो त्यालाच एक नंबर म्हणतो. त्याला काय माहीत, पहिल्या जागेचा माणूस कॅनडात आहे? काका आपला रिमोट घेऊन बसायचे आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, पोराच्या जागी, त्यांचाच माणूस उभा राहायचा. काका तिथल्या तिथं मशीन बंद करायचे.

“काका, पोराचा रिमोट नुसता जोडून ठेवा ना. आपोआप दोन नंबर व्हाल.”

“टॅग हाय त्याच्यावर.” बोट वर गेलं.

“मग एक नंबरनंच खेळा. एकट्या माणसाला काय फरक पडतो?”

काका स्टुलावरून उठून चहा टाकायला गेले. मला माझंच बोलणं नकोसं झालं.

चहा पिताना मी समजावून सांगितलं, की पुढचा नसला की मागचा पुढं सरकतो, कॉम्प्युटरचं असंच असतं. काका म्हणाले, “रॉकेलच्या रांगेत लोक चप्पल ठिवून घरी जायचे. नंबर कुणी घेत न्हवतं. याच्यात बी ठिव एक चप्पल.” आणि खरंच, शोधता शोधता तशी सेटिंग सापडली. अमुक नावाचा रिमोट येईपर्यंत पहिली जागा रिकामी ठेवायची. ती केली. काकांनी आपला रिमोट जोडला, बटण दाबलं, आणि त्यांचा माणूस उजवीकडे दोन नंबरवर उभा राहिला. डाव्या कोपऱ्यात ‘बटण दाबा’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली.

“हां,” काका म्हणाले. “आता कसं. जागा हाय त्याची.”

तुम्हाला वाटेल काम संपलं. कसलं संपतंय. आमच्या गावात वीज तयार होते आणि आमच्याच गावात ती जाते. असा धाडकन लाईटचा झटका बसला की तो म्हातारा कॉम्प्युटर सगळं विसरायचा, आणि काका पुन्हा एक नंबर. पुन्हा मला फोन. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, जेवताना, लग्नाच्या पंगतीत. “सरकलो बे मी,” एवढंच म्हणायचे आणि फोन ठेवायचे. मी वैतागायचो. बायको म्हणायची, जाऊ नका मग. मी शिव्या देत गाडीला किक मारायचो.

एकदा सेटिंग झाल्यावर मी म्हटलं, बसा, तुमच्यासोबत खेळतो जरा. आणि सहज हात पोराच्या रिमोटकडे गेला. काकांनी मनगट धरलं. पकड अशी की मला त्या माणसाची सगळी नोकरी त्यात कळली. “टॅग दिसत न्हाई का?” बोलले मात्र हळूच. पुढच्या खेपेला गेलो तर फळीवर नवा कोरा तिसरा रिमोट. “तुझ्यासाठी आणलाय. तू तीन नंबर. माझ्या मागं राहायचं, मधे मधे करायचं न्हाई.”

मग आम्ही तसे खेळायला लागलो, दोन नंबर आणि तीन नंबर. पहिल्या जागी आपली ती अक्षरं लुकलुकत असायची. काका म्होरच्या गुंडांवर जायचे नाहीत. उभे राहायचे, मार खायचे, आणि म्हणायचे, “म्होरचे त्याचे हायत.” त्यामुळे आम्ही कधी पहिल्या रस्त्याच्या पलीकडे गेलोच नाही. हळूहळू असं झालं, की लाईट जाऊन आली आणि काकांचा फोन आला नाही तर मलाच चुकचुकल्यासारखं व्हायचं. हे मी त्यांना कधी बोललो नाही. त्यांनाही बहुतेक तसंच काहीतरी होत असावं, कारण पुढं पुढं ‘सरकलो’ असा फोन यायचा आणि मी जाऊन बघायचो तर काहीही सरकलेलं नसायचं.

एका उन्हाळ्यात पोरगा येणार असं कळलं. काकांनी मला आधीच बोलावून घेतलं. सेटिंग तीनतीनदा तपासायला लावली, रिमोटची बटणं कापसानं पुसली. स्वतःच्या, बरं का. पोराच्या रिमोटवरची राख त्यांनी लांबून फुंकली.

पोरगा आला, राहिला आणि गेला. नंतर मी गेलो तर टॅग जिथल्या तिथं.

“खेळला न्हाई?”

“साडी काढून ठिवलती मी. मशीन बी चालूच ठिवलतं दिवसभर. त्यो जाता येता फोनवर बोलायचा. तिकडचं काम इकडं बी चालूच त्याचं. एकदा थांबला बघ मशीनम्होरं. टॅग हातात घेतला, हसला. मी स्टूल सरकवलं.” काकांनी साडी उचलून झटकली. “तेवढ्यात फोन आला.”

“अवो काका, नुसतं ‘बस’ म्हणायचं होतं.”

“सांगून खेळायला लावायचं व्हय त्याला? एवढ्या लांबून दमून आलाय.” मग साडी मशीनवर टाकत म्हणाले, “टॅगवर काय लिव्हलंय? काम चालू हाय. मग चालूच हाय की.”

मला त्या पोराचा अस्सा राग आला होता.

नंतर काकांचं पोटाचं दुखणं निघालं. लातूरला ऑपरेशन करायचं ठरलं. जाण्याआधी दुकानावरून गेले, रिक्षातूनच हाक मारली. “लातूरला जाऊन येतो. मशीन नीट बंद केलंय. तू तिकडं फिरकू नको, उगं काहीतरी करून ठिवशील.” मी म्हटलं, या लवकर, तीन नंबर वाट बघतोय. ते हसले, खोकले, आणि रिक्षा गेली.

काका लातूरहून परत आले नाहीत.

सगळं उरकल्यावर मी भेटायला गेलो. खरं सांगतो, सांत्वनाला चाललो होतो पण डोक्यात चार शब्द सुनवायचे होते. पोरगा मशीनसमोर खाली जमिनीवर बसला होता, डोकं भादरलेलं. साडी घडी करून मांडीवर.

“दादा, बाबा तुम्हाला सारखे कशाला बोलवायचे?” त्यानं विचारलं. “शेजारचे म्हणाले, दर आठवड्याला तुमची गाडी असायची.”

“तुमचा एक नंबर जाऊ नये म्हणून,” मी म्हणालो. आवाज कडकच निघाला. मग सगळं सांगितलं. चप्पल, लाईट, लुकलुकणारी अक्षरं, सरकवलेलं स्टूल. तो ऐकत राहिला. मधे एकदाच म्हणाला, “तो टॅग मी असाच लावला होता. गंमत म्हणून.” माझे चार शब्द तिथंच राहिले.

त्यानं आपल्या रिमोटचा टॅग सोडला. “हा माझा आहे. हा मला काढता येतो.” वायर उलगडून जोडली, मशीन चालू केलं, बटण दाबलं. इतकी वर्षं धरलेली जागा कॉम्प्युटरनं मुकाट्यानं त्याला दिली. एक नंबर.

मग त्याचा हात काकांच्या रिमोटकडे गेला आणि थांबला. मीही तेव्हाच पाहिलं. काकांनी जाताना आपली वायर गुंडाळून ठेवली होती आणि वर लाल टॅग अडकवला होता. काम चालू आहे, हात लावू नये. खाली कंट्रोल रूममधली ती सरळ, सुबक सही.

पोरानं टॅग उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. “ज्यानं लावला...” एवढंच म्हणाला आणि हात मागं घेतला. मग त्यानं विचारलं, “दादा, दोन नंबर असाच धरून ठेवता येतो?”

येतो म्हटलं. ती सेटिंग मला आता झोपेतही करता येते. पण त्या दिवशी वेळ लागला, डोळ्यांपुढची अक्षरं धड दिसत नव्हती.

“तुम्ही तीन नंबर ना? बसा,” तो म्हणाला. बसलो. खेळ सुरू झाला आणि त्याचा माणूस सरसर पुढं निघाला. काय खेळतो पोरगा! म्होरचे सगळे आडवे करत तो पडद्याच्या कडेपर्यंत गेला आणि तिथं अडला. पडदा सरकेना. मागं राहिलेले दोघेतिघे तसेच उभे होते. मला काही ते आवरत नव्हते, मी आपला मार खात होतो.

“हे बाबा मारायचे,” तो म्हणाला.

वर आम्हा दोघांच्या मधल्या चौकटीत ‘बटण दाबा’ लुकलुकत होतं. तो तिकडं बघत जरा वेळ कडेलाच थांबला. मग त्यानं आपला माणूस वळवला आणि राहिलेले मारायला मागं आला.