कासवाचा उपास

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी माझे पती गेले. ते गॅलरीत कासवाला गवत घालत होते. मी आत चहा गाळत होते. कप घेऊन बाहेर आले तेव्हा ते खुर्चीत होते, त्यांचा हात खाली लोंबत होता आणि हातात गवत होतं. कासव ते गवत खात होतं.

हे कासव आफ्रिकेतल्या जातीचं, जमिनीवर राहणारं. ह्यांच्या एका मित्राने देश सोडताना ते आमच्याकडे सोपवलं होतं. ह्यांनी त्याची रीतसर सरकारी नोंद करून घेतली आणि खांदा कॉलनीतल्या आमच्या तळमजल्यावरच्या घराची गॅलरी त्याला देऊन टाकली. आम्हाला मूलबाळ नाही. मी शाळेत ग्रंथपाल होते, निवृत्तीनंतरही दिवसाचा बराच वेळ वाचण्यात जायचा. कासवाशी माझा संबंध एवढाच, की ते फिरत फिरत पायाशी आलं की पाय वर घ्यायचे. त्याचं खाणं, ऊन, पाणी सगळं हे बघत.

दहावा चिरनेरकडच्या त्यांच्या गावी, तळ्याकाठी झाला. पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. तो समोरच्या माडावर येऊन बसला होता, खाली उतरत नव्हता. अशा वेळी गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलं असेल ते ओळखून मागच्यांनी शब्द द्यायचा असतो. धाकटे दीर हात जोडून म्हणाले, "दादा, वयनीला आमी अंतर देनार नाय." कावळा बसून राहिला. "जमिनीवरून भांडनार नाय." कावळ्याने पंख साफ केले. ऊन चढत होतं. मग माझ्या थोरल्या नणंदबाई, ज्यांना मी ताई म्हणते, पदर खोचून पुढे गेल्या आणि माडाकडे बघत खड्या आवाजात म्हणाल्या, "तुज्या कासवाला आमी उपाशी ठेवनार नाय. मी सांगते. ये आता!"

कावळा खाली आला.

मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बायकोसाठी नाय आला, कासवासाठी आला बग." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. ते गेल्यापासून पहिल्यांदाच.

शब्द दिला की तो पाळायची सगळ्यांनाच घाई होते. तेराव्यापर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि जो येई तो आधी गॅलरीत जाई. कुणी दहीभात ठेवला, कुणी तांदळाची भाकरी दुधात कुस्करून दिली, कुणी केळं. तेराव्याला खीर आणि वडे. एका जावेने पाठीवर हळदकुंकू लावून नमस्कार केला. कासव सगळं खात होतं. "भुकेला होता गो माझ्या भावाचा जीव," ताई म्हणायच्या. मी खोलीत भिंतीला टेकून बसलेली असायची. कासवाला भात द्यायचा नसतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवसांत कोण काय खातं याकडे माझं लक्षच नव्हतं.

पाहुणे पांगले, मी एकटी पडू नये म्हणून ताई राहिल्या. त्यानंतर कासवाने खाणं सोडलं. शी थांबली. मागच्या पायांजवळची कातडी फुगून कवचाबाहेर आली आणि चालायला गेलं की पाय नुसतेच जमिनीवर घासत. सकाळी थंडी होती. ते कोपऱ्यात मान आत घेऊन बसून राहिलं. मी त्याला टबात घातलं, वरून ह्यांची शाल टाकली आणि रिक्षाने अशा प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. काय काय खाल्लं ते मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. खिरीपाशी तिचा हात थांबला.

"काकू, त्याच्या पोटात तांदूळ आंबतोय," ती म्हणाली. "याचं आतडं गवतासाठी असतं. भात, दूध, गोड असं काही गेलं की गॅस धरतो, आणि थंडीत आतडं आणखी सुस्त होतं. गॅस असाच वाढत राहिला तर श्वास घेता येणार नाही."

"वाचेल?"

"पोट हललं तर वाचेल. शी होईपर्यंत खायला काहीही द्यायचं नाही. दिवसातून दोनदा कोमट पाण्यात बसवा, हनुवटी पाण्याच्या वर राहील एवढंच पाणी. ऊब द्या, थोडं चालवा. आणि एरंडेल, ओवा, घरचं काहीही नको."

तिने अंगात पाणी जावं म्हणून सुई दिली आणि आम्ही परत आलो. ताई दारातच उभ्या होत्या. उपाशी ठेवायचं आहे म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला.

"उपाशी? अगो, मी शब्द दिला हाय त्याला! सगल्या गावासमोर!"

"ताई, खाऊनच आजारी पडलंय ते."

"थोडं एरंडेल दे. आमच्या पोरांना देत होते मी, एकाला काय झालं नाय."

"नाही द्यायचं."

"माझा भाव काय म्हनंल?"

आयुष्यभर मी सासरच्या माणसांशी वाद घातला नव्हता. कुणी काही म्हणालं की पुस्तकात डोकं घालायचं, हे माझं जमून गेलेलं होतं. पण त्या दिवशी डोकं घालायला जागा नव्हती. मी म्हटलं, "शब्द तुम्ही दिलात, ताई. जगवायचं मला आहे. ते उपाशी राहणार." आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.

शेजारचे काका खिडकीतून म्हणाले, "वहिनी, तळ्यात सोडून द्या, पुण्य लागेल."

"ते पोहत नाही, बुडेल," मी म्हटलं आणि खिडकीही लावली.

संध्याकाळी ताईंनी जेवायला ताट घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "ते उपाशी तर मी पन उपाशी. दुसरं काय करू? त्याला तोंड दाखवायचं हाय मला वर." त्यांनी नुसता कोरा चहा घेतला. मीही ताट बाजूला सारलं तेव्हा मात्र त्या ओरडल्या, "तू जेव. तुज्या अंगात हाय काय? दोघी आडव्या झालो तर त्याला पान्यात कोन बसवंल?"

मी जेवले. वरणभात, पूर्ण ताट.

मग आमचं एकच काम झालं. सकाळी पाणी तापवायचं, ताई कोपर बुडवून बघायच्या, "हां, बालंतिनीच्या पोराला चालंल असं हाय," म्हणायच्या. मी कासव टबात ठेवून एक हात त्याच्या हनुवटीखाली धरायची. पाणी निवलं की थोडं काढून गरम घालायचं. मग पुसून दिव्याच्या उबेत, मग गॅलरीत ऊन आलं की लादीवर चालायला. ते चालत नसे. मी मागून बोटाने ढकलायची, ते दोन पावलं टाकायचं आणि थांबायचं. मी पुन्हा ढकलायची. डॉक्टरांकडे पुन्हा नेलं, पुन्हा सुई. ती म्हणाली, "वाट बघू." ताईंचे डोळे खोल गेले होते. मला त्यांची काळजी वाटू लागली, पण दार उघडून काही देऊ का असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मला हेही कळत होतं की ते मेलं तर सगळे म्हणतील, बाईने शब्द मोडला, उपाशी मारलं. म्हणोत. हे असते तर त्यांनीही दार लावलंच असतं.

एका दुपारी टबात धरलेलं असताना त्याने मागचे पाय ताणले. कवच माझ्या हाताखाली हललं. पाणी गढूळ झालं आणि इतका आंबूस वास सुटला की मी मान फिरवली. ताई धावत आल्या, टबात वाकून बघितलं. पाण्यात भाताची शितं होती.

"झालं गो बाय, झालं!" त्यांनी भिजल्या हाताने माझा खांदा धरला आणि वर छताकडे बघून ओरडल्या, "बघ रं, तुज्या तेराव्याचा भात निघाला!"

आम्ही दोघी हसत सुटलो, मग रडलो, आणि टब मीच घासून काढला. ताईंनी स्वयंपाकघरात जाऊन भाकऱ्या थापल्या आणि सुक्या जवळ्याबरोबर खाल्ल्या. त्यातला एक तुकडा गॅलरीकडे नेताना मी त्यांना बघितलं. त्यांनीही मला बघितलं आणि तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं: गवत, जास्वंदीची पानं, कधी निवडुंगाचा काटे काढलेला तुकडा. धान्य नाही, दूध नाही, फळ नाही. ताई हे गावी जाऊन सगळ्यांना सांगतात असं दीर फोनवर म्हणाले. दहाव्याला शब्द देताना नीट बघून द्या, असंही त्या सांगतात म्हणे.

इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर मी विळ्याने गवत कापते. सुरुवातीला बोट कापलं, आता हात बसला आहे. गवत धुते, निथळते, आणि लादीवर पसरते. कासव येतं आणि खातं. नवरा नाही. कासव आहे, आणि त्याला खायला मी घालते.