फक्त इंग्रजीत मोजा

आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत मॉर्फिनच्या गोळ्या दोघींनी मिळून मोजायच्या असतात. एकीने मोठ्याने मोजायचं, दुसरीने बघायचं, मग दोघींनी सही करायची. माझी जोडीदारीण मुंबईची, मी पुण्याची, त्यामुळे मोजणी अर्थातच मराठीत चालायची. कितीही वर्षं इथे न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये काढा, आकडे काही इंग्रजीत सुचत नाहीत.

एके दिवशी मॅनेजरने मीटिंग बोलावली. नेहमीसारखं 'किया ओरा' म्हणाला आणि पुढच्याच दमात सांगितलं, की यापुढे फार्मसीत आपसातसुद्धा फक्त इंग्रजीच बोलायचं. कुणीतरी तक्रार केली होती म्हणे. इथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत नमस्कार करून बाकी भाषांना बंदी घालायची, याचं मला हसूच आलं. घरी मी भाजीच्या फोडींवरूनही वाद घालते, कामावर मात्र आपण बरं नि आपलं काम बरं.

इंग्रजीत मोजायला लागलो आणि फजिती सुरू झाली. मनात 'एकोणपन्नास' यायचं आणि तोंडातून 'फिफ्टी नाइन' बाहेर पडायचं. की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जोडीदारीण तर रडकुंडीला आली होती.

हे सगळं शेजारच्या टेबलावरून आमची एक सहकारी बघत होती. ती कॅलिफोर्नियाची. आजी-आजोबा मेक्सिकोतून तिकडे गेलेले, म्हणून ती स्वतःला चिकाना म्हणवायची. तिचं इंग्रजी मॅनेजरपेक्षाही फर्डं, तेव्हा या नियमाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. शिवाय तिचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं आणि तिला कायम करायचं की नाही, हे त्याच मॅनेजरच्या हातात होतं.

पुढच्या मीटिंगमध्ये कुणाला काही विचारायचंय का, असं त्याने सवयीने विचारलं. आम्ही सगळ्याजणी खाली बघत बसलो. ती उभी राहिली. आवाज जराही न चढवता तिने सांगितलं, की शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल तिच्या वडिलांना छड्या बसायच्या. हुशार असूनही त्यांना सुतारकामाच्या वर्गात ढकललं होतं. पुढे त्यांच्यासारखी मुलं निषेध म्हणून वर्गातून उठून रस्त्यावर उतरली, मोठी माणसं मळ्यांत संपावर गेली, तेव्हा कुठे थोडं काही बदललं. हा नियम मागे घ्या, नाहीतर मी वरपर्यंत जाईन, असं म्हणून ती खाली बसली.

स्वतःची नोकरी इतक्या शांतपणे पणाला लावताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं. मॅनेजरने विचारलं, हे तुझं एकटीचंच मत आहे का? आणि माझा हात वर गेला. माझ्यामागोमाग जोडीदारणीचाही गेला.

त्याच आठवड्यात नियम मागे घेतला गेला. तिला मात्र कायम केलं नाही.

शेवटच्या दिवशी पार्किंगमध्ये तिचं सामान गाडीत ठेवताना मला राहवलं नाही. मी जरा रागानेच विचारलं, की तुला तर या नियमाचा काही त्रासही नव्हता, मग कशाला पडलीस यात?

"वडिलांनी आम्हाला स्पॅनिश शिकवलीच नाही," ती म्हणाली. "आम्हालाही मार बसेल म्हणून. शेवटच्या दिवसांत आजी माझा हात धरून खूप बोलायची. मला त्यातलं काहीच कळलं नाही."