सावलीची पारख

गाडी उभी करण्याआधी शेठ खाली उतरून झाडाभोवती एक फेरी मारायचे. आधी मान वर करून फांद्यांकडे बघायचे, मग जमिनीवरच्या सावलीकडे, मग डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे. एवढं सगळं झाल्यावर बहुतेक वेळा नाराजीने मान हलवायचे. "ही सावली खोटी आहे, साईं."

"खोटी म्हणजे?" मी एकदा विचारलं.

"आत्ता आहे. मास्तर, तुम्ही जेवायला बसाल तेव्हा ही पळून जाईल. मग माझ्या गाडीला कोण बघणार?"

हे ते हसून बोलत नसत. फसवलेल्या माणसाच्या आवाजात बोलत. जणू त्या झाडाशी त्यांचा काही जुना व्यवहार फिसकटला होता.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली बरीच कुटुंबं कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत राहत होती. शेठ तिथूनच आमच्या चाळीतल्या टोकाच्या खोलीत राहायला आले. एकटेच. मी तेव्हा कल्याणातल्या एका शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. मीही एकटाच, पण मी कोणाचा कोण हे चाळीला ठाऊक होतं. शेठ कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एका कापड व्यापाऱ्याचे नमुने घेऊन ते शहाड, टिटवाळा, भिवंडी असे गावोगाव फिरतात, एवढं ते स्वतः सांगायचे. आता माणूस स्वतःबद्दल सांगतो त्यावर कुठे कोण विश्वास ठेवतो?

त्यात त्यांचं रूप. डोक्यावर विरळ, पिवळट केस, भुवया जवळजवळ नाहीतच, आणि तोंडात मोजकेच दात, तेही टोकदार. वय चाळिशीच्या आसपास असेल, पण चेहऱ्यावरून काही सांगता येत नसे. त्यामुळे त्यांच्याकडे नीट बघण्याऐवजी सगळे गाडीकडेच बघायचे.

आणि गाडी तर बघण्यासारखीच होती. लष्कराने मोडीत काढलेली, खाकी रंगाची. शेठनी तिच्या टपाला चुना फासला होता. मागच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधलेल्या. उन्हाळा लागला की टपावर ओली गोणपाटं, सीटवर पांढऱ्या धुवट चादरी, स्टिअरिंगवर ओला पंचा. पुढे पाण्याची कॅनव्हासची पिशवी लोंबत असायची. उन्हातून आलं की शेठ आधी चारही दारं उघडायचे आणि एक दार पंख्यासारखं पुढेमागे हलवत बसायचे, आतली गरम हवा हाकलत. हवा बाहेर गेली अशी खात्री पटेपर्यंत आत पाय ठेवायचे नाहीत. रात्री काचा बोटभर उघड्या ठेवायचे, पण त्या फटीलाही आतून फडकं. मागच्या सीटखाली ओल्या फडक्यांत गुंडाळलेले दोन माठ असत. ते मात्र कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून वर गाठोडी रचलेली; तरी चाळीतल्या पोरांनी ते पाहिलेच होते.

दारूबंदीचे दिवस होते ते. खाडीकाठी हातभट्ट्या लागतात आणि माल रबरी ट्यूबमधून, दुधाच्या किटल्यांतून, कुठून कुठून गावात येतो, याच्या गोष्टी रोज कानावर येत. अशा वेळी पडदे लावलेली गाडी, आत झाकलेले माठ आणि गावोगाव हिंडणारा अनोळखी माणूस. तुम्ही आमच्या ओट्यावर बसला असतात तर तुम्हीही हेच म्हणाला असतात जे नाना म्हणाले.

नाना म्हणजे आमच्या चाळीचे वडीलधारे. रेल्वेतून निवृत्त झालेले. नळाच्या रांगेपासून लग्नाच्या मांडवापर्यंत त्यांच्या शब्दावाचून काही हलत नसे. "कापडाला थंडावा कशाला लागतो हो?" ते मला विचारायचे. "कापड काय नासतं? सांगा ना मास्तर, तुम्ही शिकलेले आहात."

मी वह्या तपासायचं निमित्त काढून आत जायचो.

पण सगळ्यांत पक्का पुरावा काढला तो काकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने. एके दिवशी पापड वाळत घालता घालता त्या थबकल्या. शेठ समोरून चालले होते. "मास्तर, त्याचा सदरा बघा," त्या हळूच म्हणाल्या. "आपण इथे भिजून चिंब, आणि याच्या पाठीवर एक डाग नाही. गेले कितीतरी दिवस बघतेय मी. या माणसाला घामच येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तो माणूस सरळ नाही. सरळ माणसाला घाम येतो."

मी हसलो, पण त्या दिवसापासून माझीही नजर शेठच्या पाठीवर जाऊ लागली. सदरा खरंच कोरडा असायचा, कडक इस्त्रीचा. एकदा भर दुपारी ते आपल्या दाराआड अंगावर भिजवलेली चादर गुंडाळून बसलेले मला फटीतून दिसले. मला बघताच त्यांनी दार लोटून घेतलं. का लोटलं असेल, याचा मी दिवसभर विचार करत राहिलो.

चैत्र संपत आला होता. आमची सकाळची शाळा सुरू होती. एक दिवस मी शाळेतून परतलो तर अंगणात गर्दी. शेठची गाडी उन्हात मधोमध उभी आणि चारही दारं सताड उघडी. नानांनी त्यांना अडवून चावी काढून घेतली होती. दोघेतिघे आतली गाठोडी बाहेर फेकत होते. वाळ्याच्या ताट्या तोडून धुळीत टाकल्या होत्या.

शेठ बाजूला उभे होते. हात जोडलेले. "बघा साईं, सगळं बघा. माझं काही म्हणणं नाही. फक्त मला सावलीत उभं राहू द्या."

"कशाला? पळायला?" नाना म्हणाले. "इथेच थांबायचं शेठ, आमच्या डोळ्यांसमोर."

"ओट्यावर बसतो. तुम्ही माझा हात धरून बसा पाहिजे तर."

"पहिल्यांदा माठांत काय आहे ते बघू."

माठ बाहेर आले. नानांनी एकावरचं फडकं सोडलं, वाकून वास घेतला. मग बोट बुडवून जिभेला लावलं. पुन्हा वास घेतला. नुसतं पाणी. दुसरा माठ उघडला. त्यातही पाणी. स्वच्छ, गार पाणी, त्यात थोडा वाळा टाकलेला.

"दुसरीकडे उतरवला असेल माल," कोणीतरी म्हणालं. मग सीट उचकटायला सुरुवात झाली.

त्या गडबडीत शेठकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. ते एक पाऊल ओट्याच्या दिशेने टाकायला गेले आणि तिथेच कोसळले.

काकू ओट्यावरून सगळं बघत होत्या. त्या धावत आल्या, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "अगं बाई! हा तर तवा झालाय नुसता! अहो, उभे काय राहिलात? तो माठ आणा इकडे!"

नानांच्या हातातला माठ त्यांनी जवळजवळ हिसकावून घेतला आणि शेठच्या डोक्यावर रिकामा केला. मग दुसरा. आम्ही त्यांना उचललं. कुठे न्यायचं हा प्रश्न होता. खोल्या पत्र्याच्या, भट्टीसारख्या तापलेल्या. काकूच म्हणाल्या, "त्याच्या गाडीतच निजवा. गाडी न्या त्या अंगणापलीकडच्या वडाखाली."

गाडी ढकलत वडाखाली नेली. टपावरची गोणपाटं पुन्हा भिजवली, मोडक्या ताट्या पुन्हा लावल्या. मी शेठचं डोकं मांडीवर घेऊन आत बसलो आणि ओल्या पंच्याने वारा घालत राहिलो. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की बाहेर वैशाखाच्या तोंडावरचं ऊन पेटलंय आणि मी विहिरीच्या पायऱ्यांवर बसल्यासारखा बसलोय. वाळ्याचा वास येत होता. मांडीवरचं ते डोकं हळूहळू निवत होतं. ज्या गाडीबद्दल आम्ही इतकं बोललो होतो, तिच्या आत मी पहिल्यांदाच बसलो होतो.

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं. जन्मापासूनच यांना घाम येत नाही, म्हणाले. घाम नाही म्हणून शरीराचा ताप बाहेर पडायला वाट नाही. दात, केस, सगळं त्यातलंच. "हा माणूस उन्हाळ्यात जिवंत राहतो तो स्वतःच्या हिकमतीने," डॉक्टर म्हणाले. नाना ऐकत होते. त्यांच्या सदऱ्यातून घाम निथळत होता आणि तो पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

संध्याकाळी शेठनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. "चावी?"

नानांनी चावी त्यांच्या हातात ठेवली. काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण माफी मागायची सवय नव्हती त्यांना.

"आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" मीच विचारलं.

"आमच्या आजोळी काही पुरुष असेच जन्मतात. तिकडे सगळ्यांना माहीत होतं, सांगावं लागत नव्हतं," शेठ म्हणाले. "इथे कोणाला सांगू? मला मारायचं असेल तर नुसतं उन्हात उभं करा, असं कोणाला सांगू?"

त्यानंतर संशय घ्यायची पाळी शेठची होती. गाडी ते चाळीपासून लांब, खाडीकडे लावू लागले. खोलीला मोठं कुलूप आलं. काकूंनी मऊ दहीभात पाठवला तर विचारायचे, "कोणी पाठवला? का पाठवला?" आणि पातेलं तसंच परत यायचं. काकू ते आत नेऊन ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवायच्या.

पावसाळा गेला. आश्विनातलं ऊन तापू लागलं तेव्हा एका सकाळी नानांनी अंगणाच्या कडेला बांबू रोवले आणि वर नारळाची झापं घालून मांडव उभा केला. कोणासाठी, ते बोलले नाहीत. शेठ कामावरून आले, थांबले, मांडवाभोवती फिरले. वर बघितलं, खाली बघितलं.

"तीन वाजता ऊन पश्चिमेकडून येईल," ते म्हणाले.

"त्या बाजूला दुहेरी झापं लावलीत," नाना म्हणाले.

"आणि वारा?"

"खाडीकडची बाजू मोकळी ठेवलीय."

शेठ बराच वेळ त्या मांडवाखाली उभे राहिले. गाडी मात्र खाडीवरच राहिली. दोनचार दिवसांनी मी सकाळी उठलो तर ती मांडवात होती. त्याच दिवशी पातेलं रिकामं परत आलं.

ते फार दिवस मात्र राहिले नाहीत. देवळालीला त्यांच्या एका नातेवाइकाने दुकान काढलं होतं. तिकडची हवा थंड, म्हणून त्याने त्यांना बोलावून घेतलं. ते निघाले तेव्हा पौष होता. कल्याणला एवढी थंडी क्वचितच पडते. आम्ही सगळे मफलर गुंडाळून अंगणात जमलो होतो. शेठ नुसत्या बंडीवर होते, उघड्या डोक्याने, आणि आमच्यापैकी कोणीही त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलेलं नव्हतं. गोणपाटं, ताट्या, चादरी सगळं काढून त्यांनी मागे बांधून टाकलं होतं. चारही काचा खाली.

काकूंना तेव्हा दुर्गाडीच्या देवीला जायचं होतं. शेठनी पुढचं दार उघडलं. "बसा काकू. वाटेत सोडतो."

काकू त्या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. क्षणभर घुटमळल्या, नानांकडे बघितलं आणि बसल्या. गाडी निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होतो. थंड वारा सरळ आत घुसत होता. शेठ एका हाताने गाडी चालवत काहीतरी सांगत होते. काकूंनी पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला होता, अंग चोरून बसल्या होत्या, पार गारठल्या होत्या; पण काच वर करा, असं त्या म्हणाल्या नाहीत.