गाडी माझी, पाचारण आईचं: नाशिक ते बेलवली

या ब्लॉगवर तुम्ही किल्ले आणि घाट वाचायला येता, याची मला कल्पना आहे. या वेळी मी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरला गेले, आणि तेही माझ्या मर्जीने नाही. मी जन्मले आणि आठवड्यात कावीळ इतकी वाढली की डॉक्टरांनी आशा सोडली. आईने देवाला सांगितलं, "ही वाचू दे, ही तुझी." मी वाचले. नाव ठेवलं अर्पणा. तेव्हापासून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे की ही मुलगी देवाच्या सेवेला वाहिलेली आहे. मधल्या काळात मी फिजिओथेरपिस्ट झाले, नाशकात नोकरीला लागले, रविवारी चर्चमध्ये मुलांची शाळा घेते. पण आईच्या हिशेबी हा सगळा टाइमपास. आता जूनपासून मी बायबल कॉलेजला जायचं, असं तिने ठरवून टाकलं. त्याला पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची शिफारस लागते, आणि लहानपणी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणारे पाळकसाहेब निवृत्त होऊन बदलापूरला राहतात. शिफारस घ्यायची आणि रविवारी मंडळीपुढे जाहीर करायचं, असा बेत. मला कोणी विचारलं नव्हतं.

बायबलमधल्या लहानग्या शमुवेलाला देवाने हाक मारली, तेव्हा त्याला ती देवळातल्या म्हाताऱ्या याजकाची, एलीची वाटली. आमच्याकडे उलटं आहे. आईने हाक मारली की सगळ्यांना ती देवाची वाटते.

शनिवारी पहाटे निघालो. बँका बंद असताना पप्पांना बँकेचं काम निघालं, त्यामुळे आम्ही दोघीच. कसारा घाट रिकामा मिळाला तर पडघ्यापर्यंत मजेत जाता येतं. तिथून कल्याणकडे वळलात की मजा संपते. कल्याण-बदलापूर रस्त्यावर तिन्ही गावं ओळीने येतात, पण कुठे ना कुठे खणलेलं असतंच. गूगल जे सांगेल त्यात अर्धा तास मिळवा.

उल्हासनगरात गाडी लावायला जागा शोधू नका, नाही मिळणार. मी एका गॅरेजवाल्याच्या हातापाया पडून लावली. नाश्त्याला दाल-पकवान खा. कुरकुरीत पकवान, वर घट्ट डाळ, कांदा, चिंचेची चटणी. दोघींचं पोट दीडशेत भरलं, आणि माझा राग तेवढा वेळ थांबला. मग आई मला कपड्यांच्या गल्लीत घेऊन गेली आणि तिने हॉस्टेलसाठी साधे सुती ड्रेस निवडायला सुरुवात केली. सगळे फिके.

"बेबी हॉस्टेल जा रही है?" सिंधी दुकानदार काकांनी विचारलं.

"देवाच्या सेवेला जातेय," आई म्हणाली.

"नाही जात," मी म्हटलं.

काकांनी दोघींकडे पाहिलं. "साईं, पहले घर में फायनल कर लो. सेल का माल वापस नहीं होता."

आईने तरी घेतले. मी पिशव्या उचलल्या, कारण पिशव्या नेहमी मीच उचलते.

अंबरनाथला बुवापाड्यात आमचं जुनं घर होतं. शेजारच्या शांतामावशी अजून तिथेच आहेत. मूळच्या रत्नागिरीकडच्या, आईची सगळ्यात जुनी मैत्रीण. गल्लीत गाडी जात नाही, नाक्यावर ठेवून चालत जा. मावशींनी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. या अख्ख्या सहलीत मनापासून खाल्लं ते एवढंच. आई पाणी प्यायला उठली तशी मी मावशींपुढे सगळी रड गायली.

"अगो बाय, मी पण बोलले होते नवस तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "कार्ल्याच्या एकवीरेला. तू घरी आलीस नि आठवड्यात जाऊन फेडून आले, खणानारळानं. तुझ्या आईनं भलताच मोठा बोलून ठेवला."

आई दारातूनच म्हणाली, "आमच्यात नवस नसतो, शांता."

"मग हे काय आहे गं?"

आईने पदराने हात पुसले आणि निघूया म्हणाली. गाडीत बसल्यावर मी माझा नेहमीचा प्रश्न पुन्हा विचारला. मला देवाचं पाचारण आलंय म्हणतेस, मग ते मला कसं ऐकू येत नाही? माझा देवावर राग नाही, कधीच नव्हता. राग आहे तो त्याचे निरोप घेऊन येणाऱ्यांवर. त्या वेळी मला इतका संताप आला होता की बदलापूरचं वळण चुकलं.

बदलापूरच्या बेलवलीत पाळकसाहेब तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट बंद. चहा, खारी, मग प्रार्थना, मग पुन्हा चहा. मी काय करते हे कळताच त्यांनी पायजमा वर करून गुडघा पुढे केला. मी तपासला, दोन व्यायाम दाखवले. पाळकीणबाई लगेच म्हणाल्या, "हीच बघ तुझी सेवा! हेच पाचारण!" आता एवढंच राहिलं होतं. एका गुडघ्यावरून माझं आयुष्य ठरवायची या माणसांना किती घाई!

आईने शिफारशीचं काढलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"तुला जायचंय का?"

"हो, जायचंय तिला," आई म्हणाली.

"मी अर्पणाला विचारलं."

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही. विचार करायला कोणी मला एकटं सोडलंच नाही."

आणि आई रडायला लागली. मागच्या पावसात मला डेंग्यू झाला होता. प्लेटलेट उतरत होत्या तेव्हा ती दवाखान्याच्या जिन्यात बसून देवाची माफी मागत होती, हे मला तिथे बेलवलीत कळलं. "दिलेलं मी घरीच ठेवून घेतलं, साहेब," ती म्हणाली. "तो आठवण करून देतोय. पुढच्या वेळी नेईल."

इतकी वर्षं मला वाटत होतं की तिला मिरवायचंय. ती नुसती घाबरलेली होती, माझ्या प्रत्येक तापाला.

साहेबांचा आवाज चढला. "बाई, मी त्या दिवशी मूल वाचलं म्हणून देवाचे उपकार मानले. गहाण नाही ठेवलं तिला. देवाला बोलवायचं असेल तर तो तिला बोलवेल. तिला कान दिलेत त्याने. ती स्वतः मागायला आली तर शिफारस देईन, तुम्हाला नाही."

परतीच्या वाटेवर पडघ्याला हायवे लागला. आई म्हणाली, "तुला काही होणार नाही ना?" मी म्हटलं, होईल, सगळ्यांना होतं, पण ते तुझ्यामुळे नाही. तिला पटलं की नाही, ठाऊक नाही. घाटात ट्रकांची रांग होती, अंधार पडता पडता घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, म्हणजे लोक उठून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात तेव्हा, आई उभी राहिली. "माझी मुलगी दुखण्यातून उठली, त्याबद्दल देवाचे उपकार मानते," एवढंच बोलून ती बसली.

मला वाटलं होतं, यानंतर मोकळं वाटेल. कसलं काय. आईशी भांडत होते तोवर सोपं होतं, तिला नाही म्हटलं की काम भागत होतं. आता हो किंवा नाही, जे काही म्हणायचं ते माझं मलाच म्हणावं लागणार, आणि त्याआधी ऐकावं लागणार. सोमवारी कामावर निघण्याआधी मी दार लोटून गुडघे टेकले आणि पहिल्यांदा आपणहून विचारलं, देवा, माझ्याकडे तुझं काही काम आहे का? उत्तर आलं नाही. निदान मला तरी कळलं नाही. दार उघडलं तर आई समोर डबा घेऊन उभी. देव काय म्हणाला, असं तिने विचारलं नाही. न विचारण्यासाठी तिला किती जोर लावावा लागत होता, ते तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं.